मुन्नी अंगणवाडीत बोलत नव्हती

आमची मुन्नी घरात क्षणभर गप्प बसत नाही. फजरला डोळे उघडले की तिची बडबड सुरू होते, ती इशानंतर झोप लागेपर्यंत चालते. दादी नमाजला उभी राहिली की ही मुसल्ल्याच्या कडेला बसून तिला दिवसभराच्या तक्रारी सांगते आणि सज्द्यात गेली की पाठीवर चढते. आम्ही ओरडलो तर दादीच आम्हाला गप्प करते. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या नातीला, उमामाला, खांद्यावर घेऊन नमाज पढले होते, मग मी कोण लागून गेले, असे तिचे म्हणणे.

म्हणून गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर अंगणवाडीतल्या ताईंनी दारात थांबवून, "भाभी, तुमची मुलगी बोलतच नाही हो. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या," असे सांगितले, तेव्हा मुन्नीच्या अम्मीला आधी हसूच आले. ताई दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल बोलत असाव्यात असे वाटले. पण त्या मुन्नीबद्दलच बोलत होत्या. पावसाळ्यापासून ती तिथे जात होती. खिचडी खात होती, रांगेत बसत होती, चित्रे रंगवत होती. तोंडातून मात्र एक शब्द नाही. लघवीला लागली तरी सांगायची नाही, तशीच बसून राहायची. फ्रॉक ओला होऊन ती दोनदा घरी आली होती आणि आम्ही तिलाच रागावलो होतो. ते आठवले की आजही वाईट वाटते.

आम्ही वसमतला राहतो. मुन्नीचे अब्बा मोंढ्यात एका आडतीवर काम करतात. हळदीचा हंगाम सुरू झाला की त्यांचे कपडे, भुवया, नखे सगळे पिवळे होते. मुन्नीची अम्मी घरी ब्लाउज शिवते. चार खोल्यांत आम्ही, दादी आणि चाचाचे कुटुंब. घरात बोली दखनी. मराठी घराबाहेरची, ग्राहकांशी, शेजारणींशी बोलायची. आम्हा मोठ्यांना यात कधीच अडचण आली नाही. त्यामुळे चार वर्षांच्या लेकराला ती येत असेल, हे आम्ही डोक्यातही आणले नव्हते.

पहिली भीती कानाची वाटली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करते, हे अनेक पालकांना माहीत नसते. आम्हालाही नव्हते. त्या पथकातल्या डॉक्टरांनी मुन्नीला पाहिले, घरी कशी बोलते ते विचारले आणि खात्रीसाठी कानाची तपासणी करून घ्या म्हणाले. चिठ्ठी घेऊन आम्ही औंढ्यामार्गे बसने हिंगोलीला निघालो. औंढ्याजवळ दुधाळ्याला विश्वातल्या अतिसूक्ष्म लहरी टिपणारी मोठी प्रयोगशाळा होते आहे. केंद्र सरकारने 2023 साली त्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. बसमध्ये शेजारी बसलेले गृहस्थ त्याबद्दल मोठ्या अभिमानाने सांगत होते. आमचे लक्ष मात्र खिडकीतून बाहेर बघत म्हशी मोजणाऱ्या मुन्नीकडे होते. ती आपल्या दखनीत मोठ्या आवाजात मोजत होती आणि अर्धी बस तिच्याकडे बघून हसत होती. हिला ऐकू येत नाही असे कोण म्हणेल?

तपासणी अगदी साधी निघाली. कानावर हेडफोन लावले, हातात लाकडी ठोकळे दिले, आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा. मुन्नीला तो खेळ इतका आवडला की संपल्यावर ती उठेना. कान उत्तम होते. तपासणाऱ्या बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितले की, घरात एक भाषा आणि बाहेर दुसरी असली की काही मुले काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. ती आधी ऐकून साठवतात, मग बोलतात. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलते, हा गैरसमज आहे. मूल घरीही बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर मात्र वाट बघत बसू नये. मुन्नीचे तसे काही नव्हते. पण घरी खळखळून बोलणारे मूल एका जागी इतके महिने तोंड उघडत नाही, त्याअर्थी तिथे काहीतरी त्याच्या मनाला लागलेले असू शकते, तेवढे शोधा, असे त्या म्हणाल्या.

ते शोधले दादीने. रात्री पाय चेपून घेता घेता तिने सहज विचारले आणि मुन्नी बोलून गेली, "मई पानी बोली तो सब हसे." पहिल्या आठवड्यातली गोष्ट. तिला तहान लागली होती. तिने "पानी" मागितले. मुलांना तो उच्चार गमतीचा वाटला, कुणीतरी नक्कल केली, आणि त्या दिवसापासून आमच्या लेकीने तिथे तहानेले राहणे पत्करले. एका "ण"पायी पाच महिने!

ताईंवर आमचा राग नाही. वीस-पंचवीस लेकरे, त्यांचे खाणे, वजन, नोंदवह्या, लसीकरणाच्या याद्या, आणि एवढे सगळे एका बाईच्या आणि मदतनीस मावशींच्या माथी. मुन्नीच्या अम्मीने जाऊन सगळे सांगितले तेव्हा त्यांच्याच डोळ्यांत पाणी आले. त्यांनी अम्मीकडून दहा-बारा शब्द लिहून घेतले. आम्ही घरी एक केले, अब्बांनी रात्री जेवताना मुन्नीशी मराठीत बोलायचे ठरवले. धडा म्हणून नाही, मोंढ्यातल्या गमती म्हणून. कुणाच्या पोत्याला भोक पडले, कुणाची बैलजोडी बुजली. दखनी मात्र बंद केली नाही. ती बंद करा असे एका नातेवाइकांनी सुचवले होते. दादीशी नातीने कोणत्या भाषेत बोलायचे मग?

फेब्रुवारीत एका दुपारी ताईंचा फोन आला. मुन्नी बोलली होती. ताटात मटकीची उसळ वाढताना मावशींनी आणखी एक डाव घातला आणि मुन्नी जोरात म्हणाली, "नक्को!" कुणी हसले नाही, कारण सगळ्यांना कळले. दखनीने "नको" मराठीकडून घेतला आणि त्याला थोडा जोर देऊन आपला करून टाकला. आमच्या बोलण्यातला "इच"सुद्धा मराठीच्या "च"चाच भाऊ. इतक्या वर्षांत हे आमच्या लक्षात आले नव्हते.

आता प्रश्न शाळेचा आहे, आणि यावर घरात बरीच वादावादी झाली. दादीला उर्दू शाळा हवी. औरंगाबादचे मामू म्हणतात इंग्रजी, काळ कुठे चाललाय बघा. मुन्नीच्या अम्मीचा अनुभव वेगळा. कळमनुरी तालुक्यातल्या तिच्या गावात सातवीपर्यंत उर्दू शाळा होती. आठवीला मराठी हायस्कूलमध्ये जावे लागले. तिला गणित येत होते, पण "मुसल्लस"चा "त्रिकोण" झाला, "जर्ब"चा "गुणाकार", "तक्सीम"चा "भागाकार". उत्तर माहीत असायचे, प्रश्नच कळायचा नाही. दहावीत दोन विषय राहिले आणि मग लग्न झाले. ती म्हणते, उर्दू पुढपर्यंत असेल तर जरूर घालू, पण अर्ध्या वाटेवर गाडी बदलायची वेळ मुलीवर आणू नका.

अब्बांचे उलटे. ते पहिलीपासून मराठीत शिकले. त्यांच्या आजोबांचे शिक्षण निजामाच्या राज्यात झाले. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी कामकाज उर्दूतच चाले. त्यांच्या वयाचे कितीतरी हिंदू म्हातारेही सफाईने उर्दू लिहायचे. आजोबांची एक पत्र्याची पेटी आमच्याकडे आहे, पत्रांनी आणि हिशेबांनी भरलेली. अब्बांना त्यातले अक्षर लागत नाही. अम्मी वाचून दाखवते तेव्हा स्वतःच्याच आजोबांचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते, याची खंत त्यांना आहे.

शेवटी आम्ही चालत जाता येईल अशी जिल्हा परिषदेची मराठी शाळा ठरवली. उर्दू घरी, असरनंतर अर्धा तास, अम्मीकडे. हे बरोबरच आहे असा आमचा दावा नाही. शिलाईचे काम वाढले की तो अर्धा तास पहिला जाईल, हे आम्हाला दिसते आहे. म्हणून दादीने ती जबाबदारी अंगावर घेतली आहे. तिला लिहिता येत नाही, पण वाचता येते, आणि वेळ चुकली की ती कुणालाच सोडत नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर "मातृभाषा" असा रकाना होता. आम्ही बराच वेळ पेन धरून बसलो आणि "उर्दू" लिहिले. दखनी लिहिली असती तर गुरुजींनी खोडलीच असती बहुधा.

सध्या घरात उलटीच शिकवणी चालू आहे. मुन्नी दादीला समोर बसवून जीभ कुठे लावायची ते दाखवते. "पाणी बोलो दादी." दादीचे पुढचे दात पडलेले, "ण" काही जमत नाही. ती "पानी"च म्हणते. मुन्नी थोडा वेळ विचार करते आणि म्हणते, "हौ, घर में पानीच. वहां पाणी." आणि तांब्या घेऊन माठाकडे पळते.