न पोहोचलेल्या टपालाचा हिशेब

पाठवलेले पत्र काही दिवसांनी आपल्याच दारी परत आले, की मन खट्टू होते. पाकिटावर पोस्टमनने ‘पत्ता अपुरा’ असा काहीसा शेरा लिहिलेला असतो. मात्र पत्र वाटेत हरवले नाही, एवढे त्यावरून निश्चित कळते. ई-मेलच्या जगातही असाच शेरा मारून संदेश परत पाठवण्याची पद्धत आहे. अशा परतीच्या संदेशाला ‘बाउन्स’ म्हणतात. पाठवणाऱ्याच्या जागी बहुधा ‘मेलर-डीमन’ असे चमत्कारिक नाव असते. पडद्याआड अखंड काम करणाऱ्या प्रोग्रामला संगणकाच्या परिभाषेत डीमन म्हणतात. त्याचा भुताखेतांशी वा विषाणूशी संबंध नाही. पण नाव पाहूनच अनेकजण तो संदेश न वाचता पुसून टाकतात. नोकरीच्या अर्जावर पत्त्याचे एक अक्षर चुकले असेल, तर ती चूक सुधारण्याची संधीही त्याबरोबर पुसली जाते.

ई-मेलची देवघेव ‘एसएमटीपी’ नावाच्या नियमांनुसार चालते. जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला या नियमांचा मसुदा १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची सुधारित आवृत्ती २००८ मध्ये आली. त्यांतील एक दंडक फार मोलाचा आहे. ज्या सर्व्हरने ‘संदेश स्वीकारला’ असे एकदा सांगितले, त्याने तो पोहोचवला पाहिजे, अथवा पोहोचला नाही असे पाठवणाऱ्याला कळवले पाहिजे. बाउन्स म्हणजे या वचनाचे पालन होय.

दोन सर्व्हरांचे संभाषण तीन अंकी आकड्यांत चालते. उत्तराचा पहिला अंक ४ असेल, तर अडचण तात्पुरती आहे, पुन्हा प्रयत्न करा, असा अर्थ होतो. तो ५ असेल, तर नकार कायमचा. समोरच्या सर्व्हरवर जागा शिल्लक नसेल तर ४५२, आणि त्या नावाची टपालपेटीच नसेल तर ५५० असे उत्तर येते. कायमच्या नकारानंतर बाउन्स लगेच निघतो. तात्पुरत्या अडचणीत मात्र संदेश रांगेत थांबतो. लिनक्सवर पुष्कळ ठिकाणी वापरले जाणारे ‘पोस्टफिक्स’ हे सॉफ्टवेअर, वेगळे काही ठरवून दिले नसेल, तर पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि मगच हार मानते. अर्जाची मुदत तीन दिवसांवर असेल, तर ही चिकाटी पाठवणाऱ्याच्या मुळावर येते! संदेशाला उशीर होत असल्याची सूचना पाठवणाऱ्याला देण्याची सोय पोस्टफिक्समध्ये आहे, परंतु ती मुळात बंद असते. काही तासांनी अशी सूचना जावी, अशी व्यवस्था सर्व्हर सांभाळणाऱ्याने, म्हणजे प्रशासकाने, मुद्दाम करावी लागते.

येथे एक प्रश्न उद्भवतो. बाउन्स हाही एक संदेशच आहे. तोच पोहोचला नाही तर? त्याचाही बाउन्स निघाला, तर दोन सर्व्हर एकमेकांकडे अखंड टपाल टोलवत बसतील. म्हणून बाउन्सच्या लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता मुद्दाम कोरा ठेवतात. कोऱ्या पत्त्याचे टपाल परत कोठे धाडणार? फेरा तेथेच थांबतो. काही प्रशासक असे टपाल संशयास्पद समजून सरसकट नाकारतात. ही मोठी चूक आहे, कारण मग आपल्याच लोकांना आपली पत्रे पोहोचली नाहीत हे कधी कळत नाही.

या प्रामाणिक पद्धतीचा गैरफायदाही घेतला जातो. फसव्या जाहिराती पाठवणारे लोक पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याच माणसाचा पत्ता घालतात. सर्व्हरने आधी टपाल स्वीकारले आणि मागाहून ‘असा कोणी येथे नाही’ म्हणून परत केले, तर त्या निरपराध माणसावर बाउन्सांचा वर्षाव होतो. शिवाय आपला सर्व्हर उपद्रवी ठरून काळ्या यादीत जातो व संस्थेची खरी पत्रेही नाकारली जाऊ लागतात. यावर उपाय एकच: पत्ता अस्तित्वात नसेल, तर दारातच नकार द्यावा. न स्वीकारलेल्या टपालाची जबाबदारी आपल्यावर येत नाही.

आता खुद्द प्रशासकाच्या टपालाकडे वळू. लिनक्समध्ये सर्वाधिकारी वापरकर्त्याला ‘रूट’ म्हणतात. ठरलेल्या वेळी कामे करणारा ‘क्रॉन’ हा प्रोग्राम आपला अहवाल ते काम ज्याच्या नावावर असेल त्याला ई-मेलने धाडतो. रात्री माहितीच्या प्रती काढण्याचे काम बहुधा रूटच्या नावावर असते. त्या निघेनाशा झाल्या, तर तक्रार रूटच्या पेटीत पडत राहते. त्या पेटीत कोणी डोकावत नसेल, तर डिस्क बिघडेपर्यंत कोणाला पत्ताच लागत नाही. म्हणून ‘अलायसेस’ नावाच्या फाइलमध्ये रूटचे टपाल कोणा हाडामांसाच्या माणसाकडे वळवायचे असते. नियमांनुसार प्रत्येक मेल सर्व्हरवर ‘पोस्टमास्टर’ हा पत्ताही चालू असावाच लागतो. बाहेरच्यांना गाऱ्हाणे मांडायला तेवढीच एक खात्रीची जागा असते.

ही नेमणूक करणारा माणूस नोकरी सोडून जातो, आणि फाइलमध्ये त्याचेच नाव राहते, हा प्रकार मुळीच दुर्मीळ नाही. तेव्हा तुमच्याकडे असा सर्व्हर आला, तर पहिल्याच दिवशी बाहेरच्या एखाद्या खात्यावरून पोस्टमास्टरला दोन ओळी लिहा आणि त्या नेमक्या कोणाच्या पेटीत उतरतात, ते पाहा.