अपवादापुरतेच सांगावे

लग्नघरचा आचारी आपण सर्वांनी पाहिला आहे. तांदूळ केव्हा वैरावा, वरणाला फोडणी केव्हा द्यावी, हे त्याला यजमानाने सांगावयाचे नसते. यजमान एवढेच सांगतो, की आमच्याकडे आमटीत लसूण चालत नाही. आचारी ते ध्यानात ठेवतो आणि बाकीचे सारे नित्याप्रमाणे करतो. परंतु एखादा हौशी यजमान सगळी कृतीच कागदावर उतरवून देऊ लागला, तर त्या कागदात मीठ राहून जाण्याचा संभव फार. संगणकाचे सॉफ्टवेअर बांधून लोकांच्या हाती देणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न असतो. त्याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

लिनक्स ही प्रणाली निरनिराळे प्रकल्प आपापल्या परीने सिद्ध करून वाटतात. त्यांपैकी डेबियन हा प्रकल्प इयन मरडॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये सुरू केला. २०२३ साली निघालेल्या त्याच्या बाराव्या आवृत्तीत चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजे होती. पॅकेज म्हणजे एक नीट बांधलेले गाठोडे. मूळ लेखकाने लिहिलेला सोर्स कोड घ्यावयाचा, तो यंत्राला चालविता येईल अशा रूपात आणावयाचा, तो चालतो की नाही हे तपासावयाचे, आणि माहितीपत्रकांसह ठरल्या जागी बसवून गाठ मारावयाची. या कामाची कृती ‘रूल्स’ नावाच्या एका फाइलीत लिहिलेली असते. ती वाचून कामे करवून घेणारे ‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत तयार केले.

पूर्वी ही कृती प्रत्येकजण पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः लिहीत असे. १९९७ मध्ये जोई हेस यांनी ‘डेबहेल्पर’ हा लहान लहान आज्ञांचा संच दिला. एक आज्ञा माहितीपत्रके दाबून लहान करी, दुसरी या प्रोग्रॅमला आणखी कशाची गरज आहे ते शोधी. सोय झाली खरी, परंतु त्या आज्ञांची लांबलचक यादी प्रत्येक फाइलीत राहिलीच. लोक ती एकमेकांच्या फाइलींतून उतरवून घेत, आणि रीत बदलली की प्रत्येक फाइल हाताने दुरुस्त करावी लागे. २००८ साली ‘डीएच’ ही आज्ञा आली आणि चित्र पालटले. आता रूल्स फाइल तीन ओळींत संपू शकते. त्या ओळींचा अर्थ एवढाच, की ‘नित्याप्रमाणे करावे.’ समोरचे सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीचे आहे हे डीएच स्वतः पाहते आणि जुळणी, बांधणी, चाचणी व मांडणी या पायऱ्या क्रमाने उरकते.

मग लसूण नको हे कोठे सांगावयाचे? पुढल्याच वर्षी त्याचीही सोय झाली. ज्या पायरीत बदल हवा, तिच्या नावाआधी ‘ओव्हरराइड’ हा शब्द जोडून रूल्स फाइलीत एक नोंद करावयाची. त्या पायरीवर आले, की डीएच आपले काम बाजूला ठेवून ही नोंद वाचते. मात्र या नोंदीत सारी पायरी पुन्हा लिहिण्याचे कारण नसते. नेहमीचीच आज्ञा लिहावी, तिच्यापुढे दोन आडव्या रेघा द्याव्यात, आणि मग आपला जादा पर्याय लिहावा. नेहमीचे पर्याय जागच्या जागी राहतात, आपला त्यांत मिळतो. पायरीला हात न लावता तिच्या आधी वा नंतर काही करावयाचे असेल, तर त्यासाठीही पुढे वेगळ्या नोंदींची सोय झाली.

येथवर सारे सरळ आहे. अडचण येते ती मोहाची. समजा, एका सॉफ्टवेअरच्या दोनशे चाचण्यांपैकी एक चाचणी इंटरनेटवरून काही मागविते. डेबियनच्या नियमाप्रमाणे बांधणीच्या वेळी बाहेरचे जाळे वापरता येत नाही. म्हणून ती चाचणी फसते आणि सारे काम थांबते. आता चाचणीच्या पायरीची ओव्हरराइड नोंद करून ती रिकामी ठेवली, तर डीएच ती पायरीच वगळते. गाठोडे बिनतक्रार बांधले जाते. परंतु एका चाचणीपायी उरलेल्या एकशे नव्व्याण्णवांचे तोंड बंद झाले. उद्या त्यांतली एखादी खरा दोष सांगू पाहील, तर ऐकावयास कोणी नसेल. योग्य मार्ग हा, की तेवढी एकच चाचणी नावाने वगळावी आणि का वगळली ते वरच्या ओळीत लिहून ठेवावे.

हा काटेकोरपणा कोणाला पाल्हाळ वाटेल. त्यांनी २०२४ ची घटना आठवावी. ‘एक्सझेड’ या दाबणीच्या साधनाच्या दोन आवृत्त्यांत कोणी एक चोरवाट ठेवली होती. तिचा मुख्य भाग चाचणीसाठी ठेवलेल्या नमुन्याच्या फाइलींत लपविलेला होता, आणि तो बाहेर काढणारी ओळ बांधणीच्या पायऱ्यांत घुसडलेली होती. ही ओळ प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यात होती. सर्वांना दिसणाऱ्या मूळ भांडारात नव्हती. जवळ डेबियनची रूल्स फाइल आहे का, म्हणजे येथे पॅकेज बांधले जात आहे का, हेही ती लबाडी पाहून घेत असे! आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला. त्यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्च रोजी ही गोष्ट जाहीर केली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती शिरण्यापूर्वीच अनर्थ टळला.

ही लबाडी पॅकेज बांधणाऱ्याच्या हातची नव्हती, हे खरे. परंतु ज्या पायऱ्या आपोआप चालतात त्या सहसा कोणी वाचीत नाही, हे तिने दाखवून दिले. नित्याचे काम यंत्राकडे सोपविण्याचा खरा लाभ वेळ वाचण्यापुरता नाही. माणसाने लिहिलेले थोडे उरते, आणि जे थोडे उरते ते वाचले जाऊ शकते. तीन ओळींच्या फाइलीत चौथी ओळ आली, की पाहणारा विचारतो, ही कशासाठी? त्या प्रश्नाचे उत्तर तिच्या शेजारीच लिहिलेले असावे.