विरळ दाढी : कारणे व उपचार

दाढी सर्वत्र सारखी न उगवणे ही महाविद्यालयीन तरुणांत वारंवार आढळणारी तक्रार आहे. 'पुरुषी संप्रेरक कमी पडले' असा निष्कर्ष यावरून घाईने काढला जातो. वस्तुतः अशा बहुतेकांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण प्राकृतच असते. त्यापासून बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनला केशमुळे किती प्रतिसाद देतात, हे प्रामुख्याने आनुवंशिकतेवर अवलंबून असते. गंमत अशी की, हेच संप्रेरक डोक्यावरील केस मात्र विरळ करते. दाढीची वाढ तिशीपर्यंत चालू राहू शकते. म्हणून विशीतील तरुणास प्रथम प्रतीक्षेचाच सल्ला द्यावा. वस्तरा फिरविल्याने केस दाट होत नाहीत, हे मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच दाखविले. समज मात्र टिकून आहे.

भरलेल्या दाढीत अचानक नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडल्यास ती बहुधा चाई असते. येथे शरीराची प्रतिकारयंत्रणाच केशमुळांवर हल्ला करते. अनेकदा केस आपोआप परततात. अन्यथा चट्ट्यात ट्रायमसिनोलोनची इंजेक्शने देतात. चट्टा लालसर, खाजरा व खवलेयुक्त असेल तर बुरशीसंसर्गाची शंका घ्यावी. अशा वेळी दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज थांबते, पण बुरशी फोफावते.

आनुवंशिक विरळपणासाठी मिनॉक्सिडिल वापरले जाते. थायलंडमधील ४८ पुरुषांवरील चाचणीत (२०१६) ३ टक्के द्रावण १६ आठवडे लावल्यावर वाढ दिसली. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने मात्र निष्कारण घेऊ नयेत. त्यांनी शुक्राणूंची निर्मिती मंदावते.