६८ मिनिटांचा 'दाहोमे': पुतळा बोलतो तेव्हा

आफ्रिकन सिनेमा कुठून पाहायला सुरुवात करू, असं कुणी विचारलं की मी हल्ली माती दियोपचा 'दाहोमे' (२०२४) सुचवतो. 🎬

पार्श्वभूमी अशी: १८९२ मध्ये फ्रेंच सैन्याने दाहोमेच्या राज्यावर, म्हणजे आजच्या बेनिनवर, चढाई केली आणि अबोमेचा राजवाडा लुटला. त्या लुटीतल्या २६ वस्तू फ्रान्सने २०२१ मध्ये परत केल्या. त्यांचा पॅरिसच्या संग्रहालयातून बेनिनमधल्या कोतोनूपर्यंतचा प्रवास या माहितीपटात आहे.

खरी गंमत निवेदनात आहे. इथे त्या वस्तूंपैकीच एक, दाहोमेच्या राजा घेझोचा लाकडी पुतळा, बोलतो, तोही फोन या आपल्या भाषेत! संग्रहालयाने त्याला नाव नाही, नुसता क्रमांक दिलाय: २६. त्याचीच त्याला खंत आहे.

माझा आवडता भाग मात्र बेनिनमधल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या चर्चेचा. हजारो वस्तू नेल्या आणि परत फक्त २६? हा सन्मान की अपमान? मुलंमुली अक्षरशः हमरीतुमरीवर येतात आणि दिग्दर्शिका कुणाचीच बाजू घेत नाही.

बर्लिनच्या महोत्सवात याला सर्वोच्च 'गोल्डन बेअर' मिळालं. त्याआधी २०१९ मध्ये मातीच्या 'अटलांटिक'ने कान महोत्सवात ग्रां प्री पटकावलं होतं. सिनेमा तिच्या घरातच आहे: 'तुकी बुकी' (१९७३) करणारे सेनेगलचे दिग्दर्शक जिब्रिल दियोप माम्बेती हे तिचे सख्खे काका.

आधी 'दाहोमे' बघा, मग 'तुकी बुकी'. आणि विद्यार्थ्यांच्या वादात तुम्ही कुणाच्या बाजूने, ते कॉमेंटमध्ये सांगा. 👇