भीती सोबतीला होतीच

साक्रीहून दहिवेलमार्गे सुरतेच्या रस्त्याला लागलं की कोंडाईबारीचा घाट उतरावा लागतो. घाटापलीकडे विसरवाडी आणि पुढे, नवापूरच्या अलीकडे, चिंचपाडा. 1998 साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोवर हे सारं आमच्या धुळे जिल्ह्यातच होतं. चिंचपाड्याच्या ख्रिश्चन हॉस्पिटलला त्या पूर्ण नावाने कोणी ओळखत नसे. ‘मिशनचा दवाखाना’ म्हटलं की पुरे.

1991 साली मी साक्रीत एका बँकेत अधिकारी होतो. एका दुपारी पश्चिम पट्ट्यातला एक आदिवासी शेतकरी बैलजोडीच्या कर्जाचा हप्ता भरायला आला. शिपाई माझ्या कानाशी लागला, ‘‘साहेब, त्याले टीबी शे.’’ मी त्या माणसाला दारातच थांबवलं. पैसे शिपायाकरवी घेतले आणि (आज लिहितानाही लाज वाटते) नोटा मोजून लगेच हात धुऊन आलो. त्याने ते पाहिलं. बोलला काही नाही. घरी दोन वर्षांची मुलगी आहे, असं मी स्वतःला समजावलं.

तो मिशनच्या दवाखान्यात औषध घेत होता. तिथले डॉक्टर त्याच्या छातीला नळी लावत, त्याचा खोकला झेलत. त्यांच्या घरी मुलं नव्हती का? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, निवृत्तीनंतर पडला.

मिशनच्या दवाखान्यांतले पुष्कळ डॉक्टर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले असतात. चर्चच्या शिफारशीने प्रवेश घेतला, की शिक्षणानंतर ठरावीक वर्षं अशा दवाखान्यात काम करायचं बंधन असतं. ते संपल्यावर शहर गाठायचं, की क्षय, सिकलसेल, सर्पदंश आणि अडलेल्या बाळंतिणी यांच्यातच राहायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मिशन म्हटलं की आपल्याकडे धर्मांतराचा विषय निघतो. निघू द्यावा. पण मी हात धुवायला उठलो तेव्हा माझा धर्म काय करत होता, हेही मग विचारावं लागतं.

याच वेल्लोरला 1946 साली डॉ. पॉल ब्रँड आले. मिशनरी आईबापांच्या पोटी तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले. वडील 1929 साली तिथेच तापाने गेले. आई मात्र उतारवयातही डोंगरातल्या खेड्यांमधून हिंडत राहिली. ब्रँड कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करत. हा रोग सहजी लागत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! तरी एकदा प्रवासातून थकून लंडनला पोचल्यावर पायमोजा काढताना टाचेला स्पर्श कळेना. सुई टोचली, दुखेना. आपल्याला रोग लागला, बायकामुलांपासून दूर राहावं लागणार, या विचारात रात्र काढली. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि ते कळवळले. प्रवासात एकाच जागी बसून शीर दबली होती, इतकंच. प्रार्थना करणाऱ्या त्या माणसाने रात्रभर भीतीच सोसली होती. तरी ते वेल्लोरला परतले आणि पुढेही त्याच रोग्यांचे हात हातात घेत राहिले. मला त्यांच्या धैर्यापेक्षा ती रात्र जवळची वाटते.

आमचा शेतकरी आठेक महिन्यांनी पुन्हा बँकेत आला. अंगाने भरला होता, औषधाचा कोर्स पुरा झाला होता. मी उठून खुर्ची पुढे केली, म्हटलं, ‘‘बसा.’’

‘‘नको साहेब,’’ म्हणाला, आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसला.