मोटारीची झळाळी : घासावे किती, थांबावे कोठे?

नवी मोटार दारात आली, की तिच्या रंगाची झळाळी काही महिने डोळ्यांत भरते. वर्ष-दीड वर्ष लोटले, की तीच गाडी उन्हात उभी असताना बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसू लागतात. काळ्या किंवा गडद निळ्या रंगावर त्या अधिकच खुपतात. वास्तविक हे चरे सर्व दिशांना गेलेले असतात. प्रकाशाच्या बिंदूभोवती आडवे पडलेले तेवढे चमकतात, म्हणून ते गोलाकार भासतात.

गॅरेजमध्ये जाऊन 'रबिंग-पॉलिश' करून घेणे, हा यावरचा रूढ उपाय. अलीकडे मात्र पॉलिशिंगचे यंत्र विकत आणून सुटीच्या दिवशी हे काम घरीच करणारे हौशी मोटारमालकही दिसतात. हे काम शिकण्याजोगे आहे आणि फारसे अवघडही नाही. पण यंत्र हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की ठसली पाहिजे : पॉलिशने गाडीवर काही चढत नाही, उलट आहे त्यातलेच थोडे जाते.

कागदाहून पातळ कवच

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर सर्वांत खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर 'क्लिअर कोट' हा पारदर्शक थर असतो. या साऱ्यांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ. गाडीची चमक या थरात असते आणि उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही तोच करतो.

चरा म्हणजे या थरात पडलेली खाच. पॉलिशमधील अपघर्षक कण ती खाच बुजवत नाहीत. आजूबाजूचा पृष्ठभाग खाचेच्या तळापर्यंत खाली आणतात. त्यामुळे चरा जितका खोल, तितका थर अधिक खर्ची पडतो. नखाला अडकणारा ओरखडा पूर्ण काढण्याच्या नादात क्लिअर कोटच संपू शकतो. मग तो भाग पुन्हा रंगवण्यावाचून गत्यंतर नसते. कारखान्यात हा थर साधारण १४० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून पक्का केलेला असतो. पूर्ण जोडलेली गाडी गॅरेजमध्ये एवढी तापवता येत नाही. तिथला रंग ६० अंशांच्या आसपासच वाळवतात. शिवाय गाडी विकताना पुन्हा रंगवलेला भाग दिसला, की ग्राहकाच्या मनात अपघाताची शंका येतेच.

जुन्या अॅम्बॅसेडर वा पद्मिनीसारख्या गाड्यांवर असा पारदर्शक थर नसे. तिथे पॉलिश करताना गाडीचाच रंग फडक्याला लागतो. आपल्या गाडीवर कोणता रंग आहे, हे एखाद्या आडबाजूच्या जागी हाताने पॉलिश घासून पाहिल्यास समजते.

यंत्र कोणते घ्यावे?

यंत्रे मुख्यत्वे दोन प्रकारची. 'रोटरी' यंत्राचा पॅड एकाच अक्षाभोवती जोराने फिरतो. ते झपाट्याने काम करते, पण तितक्याच झपाट्याने उष्णताही निर्माण करते. ते क्षणभर एका जागी थबकले, तरी रंग जळू शकतो. 'ड्युअल अॅक्शन' यंत्राचा पॅड फिरता फिरता छोट्या वर्तुळात झुलतोही. बहुतेक अशा यंत्रांत दाब फार वाढला, की पॅडचे फिरणे मंदावते किंवा थांबते. ही त्याची मर्यादाच नवशिक्याचे संरक्षण ठरते. तेव्हा सुरुवात याच यंत्राने करावी. पॅडमागच्या चकतीच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढून ठेवली, तर पॅड फिरतो आहे की नुसताच थरथरतो आहे, हे लगेच कळते.

पॅड आणि पॉलिश यांच्याही पायऱ्या असतात. लोकरीचा व मायक्रोफायबरचा पॅड अधिक कापतो, मऊ फोमचा कमी. कंपाउंड भरड, तर फिनिशिंग पॉलिश बारीक. नियम एकच : सर्वांत सौम्य जोडीने आरंभ करावा आणि तिने काम झाले नाही तरच पुढच्या पायरीवर जावे.

तयारीत अर्धे काम

गाडी शाम्पूने स्वच्छ धुऊन कोरडी करावी. धुऊनही हाताला खरखरीत लागणारा मळ वंगण-द्रव फवारून डिटेलिंगच्या क्लेने हलकेच उचलून घ्यावा. हा मळ राहिला, तर पॅडखाली सापडून तोच नवे चरे पाडतो. रबराच्या पट्ट्या, प्लॅस्टिकचे भाग आणि पत्र्याच्या धारदार कडा यांवर मास्किंग टेप लावावी. कडांवर रंगाचा थर मुळातच पातळ असतो आणि जळण्याचे प्रकार बहुधा तिथेच घडतात. प्लॅस्टिकचा बंपर उष्णता पत्र्यासारखी पसरू देत नाही, म्हणून तिथे वेग व दाब कमी ठेवावा.

शक्य असल्यास रंगाची जाडी मोजणारे मीटर मिळवावे. एखाद्या भागाचे माप २००-३०० मायक्रॉन भरले, तर तो भाग पुन्हा रंगवलेला असण्याचा संभव असतो. ८०च्या खाली आले, तर तिथे यंत्र न लावणेच शहाणपणाचे. मात्र हे मीटर सर्व थरांची एकत्र जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नव्हे, आणि सर्वसाधारण मीटर प्लॅस्टिकवर चालत नाही.

पहिला हात स्वतःच्या गाडीवर चालवण्याऐवजी गॅरेजमधून बदलून टाकलेले जुने बॉनेट मिळवावे. त्याच्या मधोमध टेप लावून एकच बाजू घासावी. टेप काढल्यावर दोन्ही बाजूंतला फरक जे शिकवतो, ते वाचून कळत नाही.

प्रत्यक्ष काम

काम सावलीत आणि पत्रा थंड असतानाच करावे. एका वेळी सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा चौकोन घ्यावा. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. यंत्र सुरू करण्याआधी पॅड पत्र्यावर टेकवावा, नाहीतर पॉलिशचे शिंतोडे चहूकडे उडतात. आधी कमी वेगात पॉलिश पसरून घ्यावे, मग वेग वाढवावा. पॅड सपाट ठेवून सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने आधी आडव्या व मग उभ्या पट्ट्यांत फिरवावे. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या निम्म्या भागावर यावी. असे चार ते सहा फेरे झाले, की थांबावे. वायर खांद्यावरून मागे घ्यावी, म्हणजे ती रंगावर घासत नाही. डोळ्यांना चष्मा व नाकाला मास्क हवाच. पत्रा मधूनमधून हाताने चाचपावा. तो कोमट लागला तर हरकत नाही, चटका बसता कामा नये. पॅडमध्ये साठलेला रंगाचा भुगा प्रत्येक चौकोनानंतर ब्रशने काढावा.

पॉलिशमधील तेलांमुळे चरे तात्पुरते झाकले जातात आणि काम फत्ते झाल्याचा भास होतो. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी यांच्या मिश्रणाने तो चौकोन पुसून टॉर्चच्या उजेडात पाहावा. पहिल्या चौकोनाचा निकाल समाधानकारक आला, तरच तीच पद्धत उरलेल्या गाडीला लावावी.

थांबण्याची कला

नवशिक्याला सर्वाधिक मोह पडतो, तो शेवटचा चरा काढण्याचा. दहापैकी आठ चरे सौम्य पॉलिशने जात असतील, तर उरलेले दोन काढण्यासाठी भरड कंपाउंड वापरणे म्हणजे पुढच्या आठ-दहा वर्षांची शिल्लक एका दुपारी उधळणे होय. उथळ झालेल्या चऱ्याची कड बोथट होते व तो सहसा डोळ्यांत येत नाही. तेवढ्यावर समाधान मानावे. शेवटी वॅक्स वा सीलंटचा हात द्यावा. सिरॅमिक कोटिंग करायचे असेल, तर तेही चरे काढल्यावरच. ते खालचे चरे लपवत नाही.

हे चरे येतात कोठून, याचाही विचार केला पाहिजे. आपल्या सोसायट्यांमध्ये रोज सकाळी कोरड्या किंवा एकाच बादलीत बुचकळलेल्या फडक्याने गाड्या पुसल्या जातात. रात्रभर बसलेल्या धुळीतील वाळूचे कण त्या फडक्याखाली पॉलिशपेपरचे काम करतात. तेव्हा गाडी आठवड्यातून एकदाच, पण भरपूर पाण्याने आधी धूळ वाहवून मग मऊ मायक्रोफायबरने धुवावी. शाम्पूची आणि फडके खळबळण्याची बादली वेगळी ठेवावी. ही सवय बदलली नाही, तर दर वर्षी पॉलिश करावे लागेल आणि दर वर्षी क्लिअर कोट थोडा थोडा झिजत जाईल. यंत्र चालवायला एक-दोन सुट्या पुरतात. ते वारंवार बाहेर काढावे लागू नये, अशी गाडी राखणे हाच या विद्येचा मोठा भाग आहे.