रातांधळेपणा आणि स्टेम सेलची आशा

मगरिबची अजान होते आणि अंगणात खेळणारे मूल घरात येताना उंबऱ्याला ठेचकाळते. रात्री लाईट गेली की ते जागचे हलत नाही. "नीट बघून चाल" म्हणून आपण रागावतो. दिवसा तर ते पुस्तक छान वाचते! मग कुणी जीवनसत्त्व 'अ'च्या गोळ्या आणते, कुणी तावीज बांधते. दोन-तीन वर्षे अशीच जातात आणि एक दिवस डॉक्टर सांगतात, "हा पडद्याचा आजार आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा."

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी या आजारात आधी मरतात. पुढे बाजूचे दिसणे कमी होते आणि शेवटी नळीतून पाहिल्यासारखे फक्त समोरचे उरते. दोष जनुकात असतो, म्हणून चष्म्याने तो जात नाही. जगात साधारण ४००० माणसांमागे एकाला हा आजार असतो असे मानतात. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या लोकांची तपासणी झाली, तेव्हा हे प्रमाण सुमारे ७५० मागे एक निघाले.

इंजेक्शनने नजर येते का?

हताश झालेल्या आई-वडिलांना अशा वेळी कुणीतरी सांगते, "मोठ्या शहरात स्टेम सेलचे इंजेक्शन देतात." मग दागिने मोडले जातात, शेत गहाण पडते. म्हणून हे नीट समजून घ्या.

स्टेम सेल म्हणजे अशी मूळ पेशी, जिच्यापासून शरीरातल्या इतर पेशी घडवता येतात. डोळ्यात चुना किंवा ॲसिड गेल्यावर बुबुळाची कड जळते. त्यावर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत मूळ पेशींचा उपचार अनेक वर्षांपासून होतो आणि पुष्कळांना त्याचा फायदा झाला आहे. पण ते डोळ्याच्या पुढच्या भागाचे काम. मागच्या पडद्यावरच्या नव्या पेशी मेंदूकडे जाणाऱ्या नसांशी जुळाव्या लागतात, आणि ते फार अवघड आहे. २०१४ मध्ये जपानच्या डॉ. मासायो ताकाहाशी यांनी अशा पेशींपासून बनवलेला पडद्याचा एक थर प्रथमच रुग्णाच्या डोळ्यात बसवला. तेव्हापासून अनेक देशांत प्रयोग चालू आहेत. आनुवंशिक आजारासाठी मात्र तो अजून सिद्ध झालेला उपचार नाही.

घाई केली तर काय होते? अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका क्लिनिकमध्ये तीन वृद्ध स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या. होती तीही नजर गेली. २०१७ मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही ठरावीक आजारांसारखे अपवाद सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून कुणी पैसे मागितले की आधी विचारा, "चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय?" ही सरकारी यादी इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते.

मग करायचे काय?

पहिले, निदान पक्के करा. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहेत. पुढच्या तपासण्यांसाठी हैदराबाद आपल्याला रेल्वेने जवळ आहे. शक्य झाले तर जनुकीय तपासणी करा. 'आरपीई६५' या एका जनुकाच्या दोषावर अमेरिकेत २०१७ मध्ये जनुकीय उपचाराला मंजुरी मिळाली. दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर! आज ते आपल्या आवाक्यात नाही. पण उद्या उपचार आला, तर कोणता दोष आहे हे माहीत असलेल्यालाच त्याचा उपयोग होईल.

दुसरे, दिव्यांग प्रमाणपत्र काढा. समोरचे वाचता येत असले, तरी नजरेचा घेर ४० अंशांहून कमी झाला असेल तर २०१६ च्या कायद्यात त्याची गणना अल्पदृष्टीत होते. शाळा सोडवू नका. काठी, बोलणारा मोबाईल, ब्रेल शिकवायला लाज कसली?

तिसरे, नात्यातल्या निकाहाचा विचार करा. चाचा-मामाच्या मुला-मुलींचे निकाह जाइज आहेत, फर्ज नाहीत. मामाची मुलगी करण्याची रीत मराठवाड्यात हिंदू घरांतही आहे. दोघेही तोच दोष लपलेला वाहत असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. घरात आधीच असा रुग्ण असेल, तर पुढची सोयरीक ठरवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या. नात्याबाहेर लग्न झालेल्या घरांतही हा आजार येतो. म्हणून सुनेला दोष देऊ नका. अशा प्रकारात दोष आई-वडील दोघांकडून आलेला असतो.

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. मदिनेत ते अजान देत, आणि प्रेषित (स.) बाहेरगावी जाताना मदिनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवत. आपल्या मुलालाही उद्या जबाबदारी पेलायची आहे. इलाज शोधत राहू या, दुआ करू या, आणि इंजेक्शनसाठी मोडायला काढलेले दागिने त्याच्या शिक्षणासाठी राखून ठेवू या.